ज्याची त्याची खोली

आमच्या डेटाबेसमध्ये 'पब्लिक' नावाची एक खोली होती. खोली म्हणजे खरीखुरी नव्हे. डेटाबेसच्या आत सामान वेगवेगळं ठेवायला जे कप्पे करतात त्यांना स्कीमा म्हणतात, आणि पब्लिक हा आयता मिळणारा पहिला कप्पा. तुम्ही काही न सांगता काहीही आणलंत की ते तिथे जाऊन पडतं. माझ्या आधी या खुर्चीवर बसणाऱ्या गृहस्थांनी अकरा वर्षांत एकदाही काही सांगितलं नव्हतं. चौदा एक्स्टेंशन्स, म्हणजे डेटाबेसला वरून जोडलेली चौदा अवजारं, त्यांनी त्या एकाच खोलीत कोंबली होती. नकाशावरचं अंतर मोजणारं एक, रस्त्यांनी वाट काढणारं एक, लोकांचे फोन नंबर कुलपात ठेवणारं एक, कोणाची ड्यूटी कोणाच्या ड्यूटीवर चढते ते बघणारं एक. सगळी एकत्र, आणि आमचे स्वतःचे तक्तेही त्यांच्यातच. पाहुण्यांच्या बॅगा आणि घरच्यांचे कपडे एकाच पलंगावर टाकून द्यावेत, तसं.

मला पसाऱ्याचा राग येतो. तो मी लपवत नाही आणि लपवला तरी लपत नाही, असं माझा नवरा म्हणतो. पण पहिली सहा वर्षं मी मूग गिळून गप्प बसले, कारण ते सगळं चालत होतं. चालत्या गाड्याला हात लावायची आमच्याकडे कोणाची छाती नव्हती, आणि आमच्याकडे गाड्या खऱ्या होत्या. अँब्युलन्सच्या.

काम सांगते. वरच्या मजल्यावर कॉलरूम आहे. बावीस ऑपरेटर, तीन पाळ्या. फोन येतो, ऑपरेटर पत्ता टाकते आणि डेटाबेस सांगतो की कुठली गाडी सगळ्यात लवकर पोचेल. मी तळघरात, सर्व्हर रूमच्या शेजारच्या खोलीत बसते आणि तो डेटाबेस सांभाळते. वर माझं नावच 'तळघर' पडलंय. तळघराला विचारा. तळघर आज भडकलंय. सोबतीला एक स्वेटरवाले काका. सर्व्हर त्यांच्या ताब्यात, आणि सर्व्हर रूम इतकी गार की बाहेर घामाच्या धारा लागल्या तरी त्यांच्या अंगातला राखाडी स्वेटर निघत नाही. ते कमी बोलतात. माझ्याबरोबर काम करायचं तर ते सोयीचंच आहे.

आणि कॉलरूमची प्रमुख माझी थोरली बहीण. घरात मी तिला ताई म्हणते, वर सगळेच म्हणतात. सव्वीस वर्षं तिने ते हेडफोन डोक्याला लावलेत. पाळी चालू असताना ती खोली सोडत नाही, आणि पाळी संपल्यावरही लवकर सोडत नाही. मला नोकरी लागून सात वर्षं झाली, पण ती एकदाही तळघरात उतरली नव्हती. बोलायचं असलं की आतला फोन फिरवायची. मी म्हणायचे, ताई, तीस पायऱ्या आहेत फक्त. ती म्हणायची, तेवढ्या वेळात फोन वाजला तर?

ताईची एक गोष्ट सगळ्या शहराला माहीत असावी. ती पूर्ण पत्ता घेतल्याशिवाय गाडी सोडत नाही. पलीकडचा माणूस ओरडत असतो, शाळेच्या मागे या, लवकर या. ताई शांतपणे विचारते, कुठली शाळा, कुठली गल्ली, कितवा मजला, जिना चढल्यावर कुठल्या हाताला दार. मग म्हणते, "परत सांगते," आणि अख्खा पत्ता पहिल्यापासून म्हणून दाखवते. पलीकडून 'बरोबर' आलं की म्हणते, "गाडी निघाली." नव्या ऑपरेटरांना वाटतं यात वेळ जातो. एकदा 'नेहमीच्या चौकात' म्हणून सोडलेली गाडी भलत्याच चौकात उभी राहिली, की त्यांना कळतं वेळ कशात जातो ते.

तर असं सगळं चाललं होतं आणि मग आमच्या डेटाबेसची आवृत्ती म्हातारी झाली. बनवणाऱ्यांनी कळवलं की यापुढे तिच्या दुरुस्त्या येणार नाहीत. नवा सर्व्हर आला, त्यावर नवी आवृत्ती बसली. आता जुन्यावरचं सगळं उचलून नव्यावर मांडायचं, एवढंच काम. एवढंच, असं मीच साहेबांना म्हणाले होते. ते शब्द मला पुढे बरेच दिवस गिळावे लागले.

पहिल्या खेपेला सामान बांधलं, नेलं, आणि नव्या घरात उघडताना घोडं अडलं. आमच्या सगळ्या कोडमध्ये नुसतं लिहिलेलं होतं, 'अंतर काढ'. कुठल्या खोलीतल्या अवजाराने, ते लिहिलंच नव्हतं. जुन्या घरात सगळं एकाच पलंगावर, त्यामुळे हात घातला की सापडायचं. पण सामान उतरवणारा प्रोग्रॅम कडक शिस्तीचा. तो आपणहून कुठल्याच खोलीत डोकावत नाही. 'अंतर काढ' नावाचं काही इथे नाही, असं त्याने सांगितलं आणि तो थांबला. ते नेमकं कुठे अडलं हे शोधायला मला सहा तास लागले. तेवढ्यात साहेबांनी जुन्यावर परत जायला सांगितलं.

दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा करायचं ठरवलं. आधी जुन्या घरातच आवरायचं: प्रत्येक एक्स्टेंशनला स्वतःची खोली द्यायची आणि मग हलवायचं. निदान ही तालीम खऱ्या डेटाबेसवर न करता त्याच्या प्रतीवर केली, इतकी अक्कल मला होती. बारा एक्स्टेंशन्स मुकाट्याने उठून आपापल्या खोलीत गेली. एकेका ओळीचं काम. उरलं नकाशावालं आणि त्याच्यावर रेलून बसलेलं रस्तेवालं. नकाशावाल्याला उठ म्हटलं तर डेटाबेसने सरळ सांगितलं की हे एक्स्टेंशन एकदा बसलं की हलवता येत नाही. काढून टाकायचं आणि पुन्हा बसवायचं, हा एकच उपाय. काढायला गेले तर म्हणे, याच्यावर बरंच काही टेकलेलं आहे, नाही काढता येणार. तरीही काढायचंच असेल तर कॅस्केड असं लिहा.

कॅस्केड म्हणजे हे काढ आणि याच्यावर जे जे टेकलंय तेही काढ. मला माहीत होतं. साहेब मागे उभे होते आणि घड्याळ बघत होते. म्हणाले, टाका ना, प्रतच आहे. मी टाकलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत दोनशे चौदा गाड्यांची उभं राहायची ठिकाणं, सगळ्या दवाखान्यांच्या जागा, सगळ्यांच्या हद्दी, सगळं गेलं. तक्ते होते, त्यांतले जागेचे रकानेच्या रकाने गायब. प्रत होती म्हणून निभावलं. पण साहेबांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि टाका ना म्हणाल्याचं ते सोयीने विसरले.

आठवड्याने मुख्यालयातून पत्र आलं. आमच्याकडची मंडळी हे काम करायला असमर्थ दिसतात. महिनाअखेरच्या रविवारपर्यंत स्थलांतर झालं नाही, तर काम बाहेरच्या कंपनीला जाईल आणि आमची कॉलरूम बंद करून दूरच्या मोठ्या केंद्रात मिसळली जाईल. असमर्थ हा शब्द मी इतक्या वेळा वाचला की तो मला पाठ झाला. माझ्या नोकरीचं काही नव्हतं, मला दुसरी मिळाली असती. बावीस ऑपरेटरांना तिकडे जा नाहीतर घरी बसा, असं होतं. ताई तिकडे जाणार नव्हती. तिथल्या गल्ल्या तिला माहीत नाहीत आणि माहीत नसलेल्या गल्लीत ती गाडी पाठवत नाही.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. माझ्यामुळे झालं होतं, म्हणून गेले. ती भांडी पुसत होती. मी एकदम रडायला लागले, आणि मी रडते तेव्हा भांडल्यासारखीच रडते, त्यामुळे तिला आधी वाटलं मी तिच्यावरच चिडलेय. मग मी सगळं सांगितलं. तिने मध्ये एकच गोष्ट विचारली.

"म्हणजे अठरा वर्षं नुसतंच 'अंतर काढ'? कुठे, कोणाच्या घरातलं, काही नाही?"

"नाही."

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. शाळेच्या मागे या म्हणणाऱ्या माणसावर ती करत नाही इतका वैतागलेला चेहरा तिने केला. "आणि तुम्ही सगळे शिकलेले ना?" म्हणाली. "मी घरी बसेन, त्याचं काही नाही. पण घरी बसून मी कोणाला पत्ता विचारू?"

हे ती हसत म्हणाली. मला मात्र ते असं लागलं की रस्ताभर तेच डोक्यात फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वेटरवाल्या काकांसमोर बसून मोठ्याने विचार करत होते. नकाशावालं जुन्या घरातून उठत नाही. उठवलं तर घर पाडतं. काका नव्या सर्व्हरचं झाकण पुसत होते. आणि ते झाकण बघता बघता माझ्या लक्षात आलं की या नव्या घरात अजून कोणी राहायलाच आलेलं नाही. जो हलत नाही त्याला हलवायचं कशाला? नव्या घरात आधी रिकाम्या खोल्या बांधायच्या. नकाशावालं तिथे पहिल्या दिवसापासून स्वतःच्याच खोलीत बसवायचं. बाकीची अवजारंही आपापल्या खोलीत. मग शेवटी आपले तक्ते आणायचे. जुन्या घरातल्या कशालाही हात लावायचा नाही. मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "कर." त्यांच्या मानाने हे भाषण होतं.

कामावरून वाटणी करून चौदा अवजारांना पाच खोल्या केल्या: नकाशा, रस्ते, कुलूप, वेळ आणि देखरेख. कॉलरूमला त्यांतल्या ज्या खोल्या लागतात तेवढ्यांच्याच किल्ल्या दिल्या. हे दोन दिवसांत झालं. उरलं ते खरं काम. आमच्या कोडमध्ये अवजारांची नावं जिथे जिथे नुसती लिहिली होती, तिथे खोलीसकट पूर्ण नाव लिहायचं: आधी खोली, मग टिंब, मग नाव. मी मोजलं. अकराशे त्रेसष्ट जागा. यंत्राकडून एका फटक्यात बदलून घेता आलं असतं, पण काही नावं आमच्याच तक्त्यांना पण होती, काही जुन्या टिपांमध्ये होती, आणि एका फटक्यात करण्याचा माझा उत्साह कॅस्केडबरोबर संपला होता.

ताईने फोनवर सांगितलं, रोज पाळी संपली की मी दोन तास बसते, तू वाच. मी म्हटलं, ताई, तुला यातलं ओ की ठो कळत नाही. ती म्हणाली, मला पत्ता घेता येतो.

तर आम्ही तसं केलं. ती वर, कॉलरूमच्या कोपऱ्यातल्या जादा टेबलावर, मोठी वही उघडून. मी खाली. मध्ये आतला फोन. खाली ये म्हटलं तर म्हणाली की समोरासमोर बसले तर तुझं तोंड बघत बसेन, कानाला हेडफोन लावल्याशिवाय मला नीट ऐकू येत नाही. मी म्हणायचे, ओळ एकशे सात, नकाशा टिंब अंतर काढ. ती लिहायची आणि म्हणायची, "परत सांगते. ओळ एकशे सात. नकाशा, टिंब, अंतर काढ." मी 'बरोबर' म्हणायचे आणि मगच खरी ओळ बदलायचे. पहिल्या आठवड्यात तिने माझ्या एकवीस चुका पकडल्या. अर्थ न कळता. काल याच कामाला रस्त्यांची खोली सांगितलीस, आज नकाशाची सांगतेस, घर बदललं का यांनी? मी बघायचे, तर खरंच चुकलेलं असायचं.

बाराव्या दिवशी आमचं वाजलं. मी दमले होते, डोळे चुरचुरत होते आणि समोर एका फंक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या एका तुकड्यात, सहा ओळी लागोपाठ एकसारख्या दिसत होत्या. मी म्हटलं, सातशे बारा ते सातशे सतरा, वरीलप्रमाणे.

"वरीलप्रमाणे असा पत्ता नसतो," ताई म्हणाली.

"ताई, हे माझं काम आहे. मला कळतं."

मग ती म्हणाली, "बरं. तुझ्या शब्दावर लिहिते." आणि लाल पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. तिच्या वहीत लाल पेन वापरलं की ते पुसलं जात नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. लहानपणी माझ्या खोड्या त्याच रंगात लिहिलेल्या असायच्या.

एकोणिसाव्या दिवशी अकराशे त्रेसष्ट जागा पूर्ण झाल्या. तालीम घेतली. सगळं सुरळीत पार पडलं. मी काकांना टाळी द्यायला हात पुढे केला आणि त्यांनी चक्क दिली.

रविवार सकाळ. फोन सगळ्यात कमी येतात ते सकाळी आठच्या सुमाराला. नव्वद मिनिटं मिळणार होती. तेवढा वेळ कॉलरूम कागदावर चालायची: भिंतीवरचा मोठा नकाशा, टाचण्या आणि गाड्यांशी वायरलेसवर बोलणं. साडेनऊला काम पूर्ण नसेल तर जुन्यावर परत जायचं, आणि मग पत्रात लिहिलंय तसं. साहेब खुर्ची ओढून माझ्या मागेच बसले. माझ्या मागे कोणी बसलं की माझं टाळकं सरकतं, पण आज मी काही बोलले नाही.

आठला जुनं थांबवलं. आठ अठ्ठेचाळीसला शेवटचा तक्ता नव्या घरात उतरला. एकदाही न अडता. पहिल्या खेपेला जिथे सहा तास गेले होते, ती ओळ मी डोळ्यांनी बघत होते, आणि ती कधी पुढे गेली ते कळलंही नाही. वर ताई टाचण्यांवर गाड्या चालवत होती; अर्ध्या तासात शहराच्या एकाच कडेकडून सात फोन आले होते आणि तिकडच्या बहुतेक गाड्या बाहेर पडल्या होत्या, असं तिने कळवलं.

त्या नोंदी नव्या घरात भरल्या आणि मग चाचण्या. बारा होत्या. नऊ पटापट झाल्या. दहावीत शहराच्या त्याच कडेचा एक पत्ता द्यायचा होता. दिला. गाड्यांच्या यादीऐवजी लाल अक्षरं आली. नकाशा या खोलीत असं फंक्शन नाही.

माझी पाचावर धारण बसली. तालमीत हे आलं नव्हतं. तालमीत सगळ्या गाड्या मोकळ्या दाखवल्या होत्या. आज खऱ्या गाड्या खरोखर बाहेर होत्या, आणि जवळ एकही मोकळी नसली की कोड एका वेगळ्याच वाटेने जातं, शेजारच्या हद्दीतून रस्त्यांनी गाडी शोधायला. ती वाट आम्ही तालमीत चाललोच नव्हतो. नऊ वाजून सात मिनिटं झाली होती.

साहेब म्हणाले, "जुन्यावर परत जाऊ या."

"दहा मिनिटं द्या."

"मागच्या वेळी सहा तास लागले होते तुम्हाला."

"मागच्या वेळी खोल्या नव्हत्या," मी म्हटलं. बोलताना माझ्या लक्षात आलं की हे खरंच आहे. मागच्या वेळी डेटाबेस म्हणाला होता, कुठेच नाही. आज तो म्हणत होता, नकाशाच्या खोलीत नाही. म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत आहे, आणि आपण चुकीचं दार वाजवतोय. त्या नावाचं अवजार फक्त रस्त्यांच्या खोलीत होतं. पण ते नाव कोडमध्ये चाळीसेक ठिकाणी होतं. त्यातलं चुकीचं कुठलं?

मी आतला फोन उचलला. ताईने एका हाताने टाचणी टोचत उचलला असणार. मी म्हटलं, ताई, नकाशा म्हणून लिहिलंय पण रस्ते हवं होतं, अशी एक ओळ आहे कुठेतरी.

तिने वही उघडलीसुद्धा नाही. "सातशे बारा ते सातशे सतरा," ती म्हणाली. "तुझ्या शब्दावर."

मी ते फंक्शन उघडलं. पाच ओळी नकाशाच्या होत्या. चौथी, सातशे पंधरा, रस्त्यांची होती. दिसायला अगदी तशीच, आणि मी तिला वरीलप्रमाणे म्हणून नकाशात ढकललं होतं. मला लाज वाटली, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की दोन्ही एकदम कसं वाटू शकतं ते मला आजही सांगता येणार नाही.

"ओळ सातशे पंधरा," मी फोनवर म्हटलं. "रस्ते, टिंब, वाट काढ."

"परत सांगते. ओळ सातशे पंधरा. रस्ते, टिंब, वाट काढ."

"बरोबर."

बदललं. मग बाकीच्या पाचही तिला एकेक करून वाचून दाखवल्या, साहेब मागे घड्याळ बघत असताना. तिने पाचही परत म्हटल्या. नऊ चौदाला दहावी चाचणी पुन्हा दिली. गाड्यांची यादी आली. अकरावी. बारावी. नऊ एकोणीसला मी काकांकडे बघितलं, काकांनी मान हलवली आणि मी कॉलरूमची दारं नव्या घराकडे उघडली.

नऊ तेवीसला पहिला फोन आला. तो ताईनेच घेतला. तिचा आवाज मला आतल्या फोनवर ऐकू येत होता, कारण तो ठेवायचं आम्हा दोघींनाही सुचलं नव्हतं. एक मुलगा, वडिलांच्या छातीत दुखतंय, लवकर या, बाजाराच्या पलीकडे. कुठल्या बाजाराच्या, ताईने विचारलं. कितवा मजला. कुठल्या हाताला दार. परत सांगते. आणि मी माझ्या पडद्यावर बघत होते: जवळ एकही गाडी मोकळी नाही. कोड वळलं त्या दुसऱ्या वाटेला, सातशे पंधरावरून, आणि शेजारच्या हद्दीतली एक गाडी यादीत सगळ्यात वर आली. जुन्या घरात या वाटेला अकरा सेकंद लागायचे. आता नव्या सर्व्हरवर एक सेकंदसुद्धा लागला नाही.

"गाडी निघाली," ताई म्हणाली.

आठव्या मिनिटाला गाडी दारात होती. सव्वादहाला दवाखान्यातून निरोप आला की ते गृहस्थ वेळेत पोचले आणि आता बोलतायत. तोवर वर बावीसच्या बावीस जमले होते, सुट्टीवरचेसुद्धा, आणि त्यांच्या टाळ्या छतातून खाली ऐकू येत होत्या. माझा जीव भांड्यात पडला. रडू आलं तेही आलं, आणि या वेळी ते भांडणासारखं नव्हतं.

साहेबांना मुख्यालयाला अहवाल पाठवायचा होता. काय लिहू, असं त्यांनी मला विचारलं, बिचाऱ्यांनी. मी सांगितलं, लिहा: आमच्याकडची मंडळी हे काम करायला समर्थ आहेत आणि त्यांनी ते ठरल्या वेळेच्या अकरा मिनिटं आधी केलं. ते लिहीत गेले. मी म्हटलं, आता वाचून दाखवा. त्यांनी वाचून दाखवलं. स्वेटरवाल्या काकांनी तोंड भिंतीकडे वळवलं, पण त्यांचा स्वेटर हसताना हलत होता.

साहेब गेले आणि आतला फोन वाजला.

"तळघर?"

"हो, ताई."

"पूर्ण पत्ता सांगा."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. मी ताठ बसले. "मुख्य इमारत," मी म्हटलं. "मागचा जिना, तीस पायऱ्या. उतरल्यावर डाव्या हाताला लोखंडी दार. आत दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर तुझी धाकटी बहीण."

"परत सांगते," ती म्हणाली, आणि तिने खरोखरच सगळं परत सांगितलं, मुख्य इमारतीपासून.

"बरोबर," मी म्हटलं.

"गाडी निघाली."

काकांनी न सांगता पहिली खुर्ची रिकामी केली. मी नव्या घरातल्या पब्लिक खोलीत किती एक्स्टेंशन्स आहेत ते विचारलं. उत्तर आलं, शून्य. एक शून्य आणि रिकामी यादी. अठरा वर्षांचा पसारा, आणि आता तिथे झाडून काढायलासुद्धा काही नव्हतं. मागच्या जिन्यावर चपला वाजायला लागल्या होत्या. मी तो पडदा तसाच उघडा ठेवला, ताईला दाखवायला.